हवामानाच्या अंदाजातला समुद्र: मॉडेल सुधारायचं म्हणजे नेमकं काय सुधारायचं?

खोलपाणी (धागाकर्ता)

चक्रीवादळांच्या धाग्यावर मी ‘दोष वाऱ्याचा नाही, पाण्याचा आहे’ असं एक वाक्य टाकून पळालो होतो. दोघातिघांनी मानगूट पकडली, म्हणून हा वेगळा धागा.

आधी एक हिशोब. समुद्रावर उभा असलेला हवेचा अख्खा खांब एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात त्याखालचं फक्त वरचं अडीच मीटर पाणी एका अंशाने तापतं. समुद्राची सरासरी खोली पावणेचार किलोमीटरच्या आसपास आहे. हरितगृह वायूंमुळे साचणाऱ्या जादा उष्णतेतली सुमारे ९० टक्के याच पाण्यात मुरते.

असं असूनही रोजचा अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलांना समुद्र म्हणजे कित्येक वर्षं एक रंगवलेली फरशी होती. सुरुवातीला पृष्ठभागाचं तापमान घ्यायचं आणि पुढचे आठ-दहा दिवस जवळजवळ तेच धरून चालायचं. ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय केंद्राने समूह-अंदाजात (किंचित वेगवेगळ्या सुरुवातींतून काढलेल्या अनेक अंदाजांत) पहिल्या दिवसापासून खराखुरा, हलणारा समुद्र जोडला तो २०१३ मध्ये, आणि मुख्य अंदाजात २०१८ मध्ये. ब्रिटनच्या मेट ऑफिसचा जागतिक अंदाज जोडला गेला २०२२ मध्ये. म्हणजे हे सगळं अगदी कालपरवाचं.

आता मुद्दा. सुधारणा म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं: जाळी (मॉडेल हवा-पाण्याचे ज्या चौकोनांत तुकडे करतं ती) बारीक करा, मोठा महासंगणक आणा. माझ्या मते हे उत्तर खोटं नाही, सोयीचं आहे. अंदाज बिघडवणारी चूक बहुतेक वेळा तीन ठिकाणी दबा धरून असते. वरच्या पन्नास-शंभर मीटरमध्ये पाणी कसं घुसळलं जातं, हवा आणि पाणी यांच्या सांध्यावर काय देवाणघेवाण होते, आणि अंदाज सुरू करतो त्या क्षणी समुद्र खरंच कसा होता. या तिन्हीत घोळ असेल, तर बारीक जाळी म्हणजे चुकीचाच फोटो जास्त स्पष्ट.

उदाहरण द्यायचं तर २०११ चं आयरीन चक्रीवादळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने वर सरकलेल्या या वादळाचा मार्ग चांगला ओळखला गेला होता, ताकद मात्र खऱ्यापेक्षा जास्त वर्तवली गेली. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात उन्हाळ्यात वर कोमट पातळ थर आणि तळाशी हिवाळ्यातलं उरलेलं थंड पाणी असतं. वादळाच्या पुढच्या वाऱ्यांनी वरचं पाणी किनाऱ्याकडे ढकललं, तळाचं उलट दिशेने निघालं, दोन थर एकमेकांवर घासले आणि घुसळले गेले. वादळाचा डोळा पोहोचण्याआधीच पृष्ठभाग कितीतरी अंशांनी गार झाला होता. पाण्याखाली फिरणाऱ्या एका ग्लायडरने हे मोजलं. स्थिर तापमान धरून बसलेल्या मॉडेलला याचा पत्ताच नव्हता.

शंकासुर

लेख आवडला, वाचनखूण साठवली. पण तुमच्याच हिशोबावरून पाणी आळशी ठरतं. मग पाच दिवसांच्या अंदाजाला त्याची काय घाई? हंगामी अंदाजाला समुद्र हवा हे कबूल. एल निनो वगैरे समजतं. पाच दिवसांत समुद्र कुठे जातोय?

खोलपाणी

@शंकासुर: एकूण समुद्र आळशी, वरचं कातडं नाही. वारा पडलेल्या स्वच्छ दिवशी दुपारपर्यंत पृष्ठभाग दोन-तीन अंशांनी वर जाऊ शकतो आणि रात्री परत खाली येतो. वरचा थर दहा मीटर जाडीचा धरणाऱ्या मॉडेलमध्ये हे दिसतच नाही, एक मीटरचा धरला तर दिसतं. विषुववृत्ताजवळ पूर्वेकडे सरकत जाणारी ३० ते ६० दिवसांची जी ढगांची लाट आहे, मॅडन-ज्युलियन म्हणतात ती, तिच्यासाठी ही दुपारची चढ-उतार महत्त्वाची असते.

वादळ गेल्यावर मागे उरणाऱ्या गार पाण्याच्या पट्ट्याचंही तेच, काही तासांचा खेळ. उत्तर गोलार्धात हा पट्टा मार्गाच्या उजव्या अंगाला असतो. त्या बाजूला वादळ पुढे सरकताना वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत जाते. पृथ्वीच्या परिवलनामुळे पाण्याचा प्रवाहही त्याच दिशेने वळत असतो. दोघांचा ताल जुळला की प्रवाह जोर धरतो, खालच्या थराशी घासतो आणि थंड पाणी वर ओढतो. झोका योग्य वेळी ढकलल्यासारखं. डाव्या बाजूला ताल चुकतो. हे सगळं मॉडेलला आपसूक जमायला समुद्र हलता हवा, चित्र चालत नाही.

कुतूहल

माझ्यासारख्या बाहेरच्यांसाठी: मॉडेलमधला समुद्र असतो कसा? एक टाकी, असं समजू का?

खोलपाणी

टाकी नको, पेट्यांची चळत समजा. उदाहरणार्थ नेमो हे युरोपात सर्वाधिक वापरलं जाणारं मॉडेल. त्याच्या एका नेहमीच्या मांडणीत आडवा चौकोन पाव अंशाचा, म्हणजे विषुववृत्तावर जेमतेम २८ किमी, आणि उभे ७५ थर. सगळ्यात वरचा साधारण एक मीटरचा, तळाकडचे दोनशे मीटरच्या घरातले. प्रत्येक पेटीत तापमान, क्षारता आणि प्रवाह. मग पेटी-पेटीतली देवाणघेवाण काही मिनिटांच्या पावलांनी सोडवत जायची.

दोन गमती सांगतो. अक्षांश-रेखांशाची जाळी उत्तर ध्रुवावर एका बिंदूत मिळते आणि तिथे पेट्या शून्य रुंदीच्या होतात. दक्षिण ध्रुवावर जमीन आहे म्हणून चालून जातं, उत्तरेला मात्र समुद्र. म्हणून नेमोत उत्तरेचा गणिती ध्रुव दोन तुकड्यांत उचलून कॅनडा आणि आशियाच्या जमिनीवर नेऊन ठेवलाय! दुसरी गंमत वेळेची. चार किमी खोल पाण्यात पृष्ठभागाची लांब लाट सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने जाते, आतल्या थरांवरची लाट मात्र अडीच-तीन मीटरने. दोन्ही एकाच पावलाने चालवल्या तर संगणक दमेल. त्यामुळे वेगवान भाग छोट्या पावलांनी वेगळा सोडवतात आणि मग बाकीच्याशी जुळवून घेतात.

आडवी रेघ

धागाकर्त्याशी ठाम असहमत. जाळीला ‘सोयीचं उत्तर’ म्हणणं अन्याय आहे.

हवेतली वादळी चक्रं हजार किलोमीटरची असतात. समुद्रातल्या भोवऱ्यांचा नैसर्गिक आकार ठरवणारी लांबी मध्यम अक्षांशांत १० ते ३० किमी आणि ध्रुवांकडे काही थोडे किलोमीटर. म्हणजे हवेच्या मॉडेलला १०० किमीच्या चौकोनात जे दिसतं, ते पाण्यात बघायला त्याच्या कितीतरी पट बारीक चाळणी लागते. समुद्राची बहुतेक गतिज ऊर्जा या भोवऱ्यांत आहे. ते गाळून तुम्ही कसला समुद्र जोडताय?

गल्फ स्ट्रीम हा अटलांटिकमधला उबदार प्रवाह बघा. खरा प्रवाह अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप हॅटरासजवळ किनारा सोडून समुद्रात शिरतो. एक अंशाच्या मॉडेलमध्ये तो किनाऱ्याला चिकटून उत्तरेकडे चालत राहतो आणि पुढे ज्या जागी ईशान्येला वळायला हवा तिथे वळत नाही. परिणामी उत्तर अटलांटिकमध्ये कित्येक अंशांनी जास्त थंड असा एक डाग बसतो आणि वरून जाणारी वादळं चुकीच्या जागी पोसली जातात. ब्रिटनच्या हॅडली केंद्राच्या मॉडेलमध्ये समुद्र पाव अंशाचा केल्यावर हा डाग फिका झाला आणि हिवाळ्यात हवेचा प्रवाह अडवून धरणाऱ्या उच्चदाबाच्या ठाण मांडण्याचा दोषही बराच सुधारला. २०११ मध्ये हे छापून आलं. हवेच्या भौतिकीत त्यासाठी वेगळी डागडुजी करावी लागली नव्हती.

किंमत जबर आहे हे मान्य. चौकोन निम्मा केला की चौकोन चारपट आणि वेळेचं पाऊल निम्मं, म्हणजे आठपट गणित. पाव अंशावरून अंशाच्या बाराव्या भागावर जायला सत्तावीसपट. तरीही.

शंकासुर

पाव अंशाला ‘भोवरे-परवाना’ आणि बाराव्या भागाला ‘भोवरे-दर्शन’ असं काहीसं म्हणतात असं वाचलं होतं. परवाना म्हणजे नक्की काय? मिळालाय पण वापरता येत नाही?

आडवी रेघ

अगदी तेच :) पाव अंशावर भोवरे तयार होतात, पण अशक्त. जाड जाळी असेल तर भोवऱ्यांचं काम एका ठोकताळ्याने करून घेतात. १९९० साली गेंट आणि मॅकविल्यम्स या शास्त्रज्ञांनी मांडलेला सगळ्यात प्रसिद्ध, घनतेच्या उताराला सपाट करत नेणारा. जाड जाळीवर तो उत्तम चालतो. पाव अंशावर तो चालू ठेवला तर नुकतेच जन्मलेले भोवरे तो मारून टाकतो, बंद ठेवला तर अशक्त भोवऱ्यांना ते काम झेपत नाही. धड ना इकडे, धड ना तिकडे. आणि जगातली बरीच कार्यरत मॉडेलं नेमकी याच पायरीवर उभी आहेत.

खारं वारं

दोघांच्या भांडणात सांध्याबद्दल कोणी बोलत नाहीये, म्हणून मी.

वारा पाण्याला ढकलतो, पण पाणी स्वतः हलत असेल तर? बोटीतून वारा जाणवतो तो जमिनीवरून मोजलेला नसतो. घर्षण काढताना वाऱ्याच्या वेगातून प्रवाहाचा वेग वजा केला की वारा भोवऱ्यांना ब्रेक लावायला लागतो, आणि त्यांची ऊर्जा साधारण पाव हिश्श्याने उतरते. एवढी छोटी वजाबाकी. म्हणजे @आडवी रेघ, तुमचे महागडे भोवरे खरे किती जोरकस असावेत हे जाळीइतकंच या एका ओळीवर ठरतं.

दुसरं: वारा वाढला की पाण्याचा खडबडीतपणा वाढतो, हे सूत्र वादळात फसतं. २००३ च्या सुमारास वादळांत सोडलेल्या पडत्या यंत्रांच्या नोंदींवरून दिसलं की सेकंदाला तीसेक मीटरच्या पुढे घर्षणाचा गुणांक वाढायचा थांबतो. फेस आणि तुषारांनी पृष्ठभाग एक प्रकारे गुळगुळीत होतो. जुनं सूत्र वादळी वाऱ्यापर्यंत तसंच ताणलं की वाऱ्याला उगाच जास्त ओढ बसते.

आणि एक आपबीती. दोन मॉडेलं जोडताना एका गटाचं ‘धन’ (+ चिन्ह) म्हणजे खाली येणारं आणि दुसऱ्याचं ‘धन’ म्हणजे वर जाणारं. आमच्या एका चाचणीत बाष्पीभवनाचं चिन्ह उलटं राहिलं. मॉडेल कोसळलं नाही, तिथेच घात झाला. तापमान दिसायला ठीक, नकाशे सुंदर. क्षारता मात्र उपोष्ण पट्ट्यात घसरत चालली होती, तिकडे कोणी बघतच नव्हतं. तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी कुठलीही जोडणी उघडली की आधी गोड्या पाण्याची बेरीज मांडतो.

कुतूहल

हे भारी आहे. क्षारतेचा अंदाजाशी काय संबंध पण? तापमान समजलं.

खारं वारं

गोडं पाणी हलकं, वर तरंगतं. मोठ्या नद्यांच्या मुखाबाहेर आणि भरपूर पावसाच्या समुद्रात, उदा. अ‍ॅमेझॉनचा पसारा किंवा बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग, वर गोडसर झाकण बसतं. झाकणाखाली पाणी उबदारच असतं, पण खारं. याला रोधक थर म्हणतात. वादळाने कितीही घुसळलं तरी हे झाकण फुटता फुटत नाही, आणि फुटलं तरी खालून थंड पाणी येत नाही. गार पट्टा उमटतच नाही, वादळ मात्र खात राहतं. ज्या मॉडेलमध्ये नद्यांचं पाणी वर्षाच्या सरासरीने ओतलेलं असतं, त्याला हे झाकण वेळेवर कुठून मिळणार?

बोयावाला

मी निरीक्षणांच्या बाजूचा माणूस, त्यामुळे पक्षपाती आहे, आधीच सांगतो.

१९८२ ची गोष्ट ठाऊक नसेल तर ऐका. मार्च-एप्रिलमध्ये मेक्सिकोत एल चिचोन ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुराळ्याने उपग्रहांना समुद्र होता त्यापेक्षा थंड दिसायला लागला. जहाजांकडून पॅसिफिकमध्ये पाणी फार गरम असल्याच्या नोंदी येत होत्या. सरासरीपासून इतक्या लांबच्या नोंदी चुकीच्याच असणार असं समजून तपासणीच्या प्रक्रियेने त्या बाजूला टाकल्या! त्या शतकातल्या सर्वात जोरदार एल निनोंपैकी एक तज्ज्ञांच्या नाकाखाली वाढत गेला आणि शरद ऋतूपर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

त्या शरमेतून पॅसिफिकच्या विषुववृत्तावर नांगरलेल्या सुमारे ७० बोयांची (मोजमापाच्या तरंगत्या यंत्रांची) ‘टाओ’ रांग उभी राहिली, १९९४ च्या शेवटी पूर्ण झाली. मग २०१२ पासून देखभालीच्या जहाजफेऱ्या कापल्या गेल्या आणि २०१४ च्या सुरुवातीपर्यंत येणारी माहिती चाळीसेक टक्क्यांवर उतरली. बोया काही चमकदार गोष्ट नाही. उद्घाटनाला गर्दी होते, शेवाळ खरवडायला कोणी येत नाही.

आर्गो तरंगक तोवर आले होते म्हणून निभावलं. जगभर चारेक हजार आहेत. हजार मीटरवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवर बुडी मारून वर येताना तापमान-क्षारता मोजायची आणि उपग्रहाला कळवायचं. अप्रतिम साधन, पण ‘आर्गो आहे ना’ म्हणणाऱ्यांसाठी: ते उथळ किनारी पाण्यात फारसे जात नाहीत, आणि क्षारतेचा सेन्सर घाण होऊ नये म्हणून कित्येक तरंगक शेवटच्या पाचेक मीटरला मोजणीच थांबवत. म्हणजे वर ज्या कातड्याबद्दल चाललंय, नेमकं तेच.

आडवी रेघ

+१ बोयावाला. ‘शेवाळ खरवडायला कोणी येत नाही’ हे चौकटीत लावायला हवं.

खोलपाणी

बोयावाल्यांनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं: निरीक्षण हाती आलं तरी ते मॉडेलमध्ये मुरवणं सोपं नसतं.

विषुववृत्तावर व्यापारी वारे पाणी पश्चिमेला ढकलतात, तिथे ढीग होतो आणि त्या ढिगाचा दाब वाऱ्याला तोलून धरतो. मॉडेलमधला वारा थोडा कमजोर असला तर ढीगही कमी. आता निरीक्षणं सांगतात ढीग जास्त आहे, म्हणून आपण घनता दुरुस्त करतो. वारा तोच कमजोर! तोल बिघडतो आणि दुरुस्त केलेलं पाणी उभ्या खोट्या प्रवाहांत कोसळायला लागतं. दर फेरीला दुरुस्ती, दर फेरीला कोसळणं. यावर दाबातच एक भरपाई घालायची युक्ती वापरतात, पण मूळ दुखणं वाऱ्याचं आहे. हवा आणि पाणी वेगवेगळं दुरुस्त करून मग अंदाजाच्या क्षणी लग्न लावलं की पहिल्या दिवसांत दोघांची आदळआपट होते. म्हणून दोन्हीकडची निरीक्षणं एकत्र मुरवण्याकडे कल आहे.

@आडवी रेघ, तुमच्यासाठी खास: ईसीएमडब्ल्यूएफच्या २०१७ च्या हंगामी प्रणालीत समुद्र एक अंशावरून पाव अंशावर आला. एल निनोचे अंदाज सुधारले. वायव्य अटलांटिकमध्ये मात्र समुद्रतापमानाच्या अंदाजाचं कौशल्य आधीच्या, जाड जाळीच्या प्रणालीपेक्षा घसरलं. माग काढल्यावर बोट सुरुवातीच्या स्थितीकडे वळलं: समुद्राच्या पुनर्विश्लेषणात (जुन्या नोंदी मॉडेलमध्ये मुरवून मांडलेल्या इतिहासात) तिथला उष्णतेचा वाहता पुरवठाच खऱ्यासारखा नव्हता.

यंत्रशिष्य

हे सगळं दोन-चार वर्षांत इतिहासजमा होणार नाही का? ग्राफकास्ट, पांगू या जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या एआय मॉडेलांनी हवेत २०२३ पासून जुन्या मॉडेलांच्या नाकी नऊ आणलेत. एका साध्या ग्राफिक्स कार्डावर मिनिटभरात दहा दिवसांचा अंदाज. समुद्रालाही शिकवा, संपलं.

बोयावाला

कशावरून शिकवणार? हवेची अनेक दशकांची दाट नोंद आहे, उपग्रह, फुगे, विमानं. समुद्राची उंची उपग्रहाने सातत्याने मोजायला लागलो १९९२ पासून. आतलं तापमान-क्षारता धडपणे जगभर मिळतेय ती आर्गोची संख्या तीन हजारांवर गेली त्या २००७ च्या आसपासपासून. त्याआधीचं ‘पुनर्विश्लेषण’ म्हणजे पृष्ठभागाखाली बऱ्याच अंशी मॉडेलचाच आवाज. त्यावर शिकलेलं यंत्र मॉडेलच्या सवयी शिकेल. आणि १९९२ नंतरचे खरे दणदणीत एल निनो किती? १९९७-९८, २०१५-१६, फार तर २०२३-२४. तीन उदाहरणांवर वर्ग भरत नाही.

यंत्रशिष्य

ठीक, अख्खा समुद्र नको. पण घुसळणीचा ठोकताळा? बारीक मॉडेल छोट्या तुकड्यावर चालवायचं आणि त्यावरून शिकलेला तुकडा जाड मॉडेलमध्ये बसवायचा. शिवाय शंभर-शंभर सदस्यांचे समूह-अंदाज स्वस्तात. ‘समुद्र’ (Samudra) नावाचं समुद्राचं अनुकरण करणारं यंत्रमॉडेल २०२४ मध्ये आलंय, दशकांच्या पल्ल्यावर स्थिर चालतं.

खोलपाणी

याला माझा विरोध नाही, उलट घुसळणीसाठी हाच रस्ता मला सर्वांत आशेचा वाटतो. अट एकच: उष्णता आणि मीठ यांची बेरीज जुळली पाहिजे. दहा दिवसांच्या अंदाजात थोडी गळती चालते. हवामानबदलाच्या शंभर वर्षांत तीच गळती म्हणजे सगळा निकाल.

शंकासुर

एक मूलभूत शंका, नावाला जागतो. समुद्र सुधारला हे कळतं कसं? अंदाज सुधारला तर समुद्र सुधारला असंच ना?

खारं वारं

इथेच तर रडगाणं आहे. हवेचं मॉडेल वर्षानुवर्षं चुकीच्या समुद्राशी जुळवून घेतलेलं असतं. समजा खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांलगतचे सखल ढग मॉडेलमध्ये कमी पडतात, म्हणून पाण्यावर ऊन जास्त. आणि समुद्राच्या मॉडेलमध्ये घुसळण जास्त, म्हणून पाणी थंड. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात, तापमान बरोबर! आता तुम्ही प्रामाणिकपणे घुसळण सुधारलीत की पाणी तापतं, अंदाजाचे गुण उतरतात आणि तुमची सुधारणा परत पाठवली जाते. कार्यरत प्रणालीत ही अडचण रोजची आहे, कारण तिथे उद्या सकाळचा अंदाज बिघडवायची मुभा कुणालाच नसते. दोन्ही चुका एकाच वेळी काढाव्या लागतात आणि त्या काढणारी माणसं बहुधा दोन वेगळ्या इमारतींत बसतात.

आडवी रेघ

धागाकर्त्यांना शेवटचा एक चिमटा. तुम्ही घुसळण आणि जाळी असे दोन तट पाडलेत, पण पाच-दहा किमीपेक्षाही लहान भोवरे मिश्र थरातल्या (घुसळून एकसारख्या झालेल्या वरच्या थरातल्या) समान घनतेच्या उभ्या रेषा आडव्या करत असतात, म्हणजे वारा जे घुसळतो ते हे परत थरांत लावतात. जाळीला ते दिसले नाहीत तर तुमचा लाडका मिश्र थर नको तितका खोल जातो. मग चूक घुसळणीची की जाळीची?

खोलपाणी

लागला चिमटा. हा मुद्दा मी मूळ लेखात गाळला, कारण तो माझ्या मांडणीच्या आड येत होता. मिश्र थराच्या खोलीपुरते दोन तट राहत नाहीत हे मान्य. सुरुवातीच्या स्थितीबद्दलचं म्हणणं मात्र मागे घेत नाही.

कुतूहल

सगळं डोक्यात मावलं नाही, पण पुढच्या वादळाच्या वेळी मी नुसता पृष्ठभागाच्या तापमानाचा लालभडक नकाशा बघून काही बोलू नये, एवढं कळलं. मग बघू काय?

खोलपाणी

२६ अंश तापमानाची रेषा पाण्यात किती खोल आहे ते बघा. वादळाची शिदोरी त्या रेषेच्या वरच्या पाण्यात असते. २००५ मध्ये कतरिना मेक्सिकोच्या आखातात ज्या लूप प्रवाहावरून गेलं, तिथे पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा फारसा वेगळा नव्हता, पण उबदार पाणी कितीतरी खोलवर गेलेलं होतं. घुसळूनही थंड पाणी वर आलं नाही. समुद्राच्या उंचीचा उपग्रह-नकाशा मिळाला तर तिथला फुगवटा शोधा, उबदार पाणी फुगतं. वादळ उथळ किनाऱ्यावर चाललं असेल तर उलट शोध, तळाशी थंड पाणी दडलंय का.

खारं वारं

आणि जवळपास मोठी नदी असेल, तर या दोन्हींच्या आधी क्षारता.